तिसरी गल्ली कोणती?



कोल्हापूरच्या रेल्वे स्टेशनावर उतरलेल्या एखाद्या परक्या गृहस्थानें रिक्षावाल्याला नुसतें "तिसऱ्या गल्लींत चला" असें सांगितलें, तर रिक्षा जागची हालत नाहीं. रिक्षावाला मान वळवून विचारतो, "कुठली तिसरी, पाव्हणं? शाहूपुरीची का राजारामपुरीची?" रुळांच्या एका अंगास शाहूपुरी, दुसऱ्या अंगास राजारामपुरी. पहिली शाहू छत्रपतींच्या कारकीर्दींत व्यापारी पेठ म्हणून वसली, दुसरीला त्यांच्या चिरंजीवांचें, राजाराम महाराजांचें नांव मिळालें; आणि दोन्हींकडे गल्ल्यांना नांवांऐवजीं आंकडे दिलेले. परंतु राजारामपुरींतल्या एखाद्या घरांत आई मुलाला "तिसऱ्या गल्लींतून दळण घेऊन ये" असें सांगते, तेव्हां तो कोणती तिसरी हें विचारीत बसत नाहीं. पिशवी उचलतो आणि चालूं लागतो. शब्द तेच, आंकडाहि तोच. अर्थ मात्र शब्द कोठें उच्चारला यावरून ठरतो.

आज ज्या विषयावर बोलण्याचें मीं पत्करलें आहे, त्याचें नांव ऐकून कित्येक श्रोते रेडिओचा कान पिळतील, म्हणून तें मीं प्रारंभींच घेतलें नाहीं. विषय संगणकाच्या प्रोग्रामांतील एकांत एक बसविलेल्या फंक्शनांचा, आणि त्यांच्या पोटीं जन्मणाऱ्या 'क्लोजर' नामक वस्तूचा आहे. राजारामपुरींतच संध्याकाळच्या वेळीं मी कांहीं मुलांना प्रोग्राम लिहिण्यास शिकवितों. दरवर्षीं वर्ग सुरळीत चाललेला असतो, आणि दरवर्षीं या एका जागीं येऊन गाडा रुततो. वर्गांत निदान फळा असतो; येथें तोहि नाहीं. तेव्हां गल्ल्यांवरच भिस्त ठेवून निघूं.

फंक्शन म्हणजे नांव दिलेली कृति. भाकरीची कृति घ्या: पीठ द्या, पाणी द्या, शेवटीं भाकरी हातीं येईल. ही कृति चालू असतां आपण आंतल्या आंत कांहीं वस्तूंना तात्पुरतीं नांवें देतों. 'गोळा' म्हटलें कीं तो ज्वारीच्या पिठाचा. शेजारच्या चुलीवर पुरणपोळी चालली असेल तर तेथला 'गोळा' पुरणाचा. दोघांची गांठ पडण्याचें कारण नाहीं. अशा नांव दिलेल्या जागेला प्रोग्रामर मंडळी 'व्हेरिएबल' म्हणतात. मी तिला आजच्यापुरतें फडताळ म्हणेन. नांव म्हणजे फडताळाच्या दारावर लावलेली चिठ्ठी, आणि आंत ठेवलेली वस्तु म्हणजे त्या नांवाची त्या घटकेची किंमत. दारावरची चिठ्ठी तशीच राहते, आंतली वस्तु बदलूं शकते. हा भेद कृपा करून ध्यानांत ठेवावा, कारण पुढें माझी जी फजिति झाली ती याच भेदापायीं.

आतां, एका कृतीच्या पोटांत दुसरी कृति लिहितां येते. पंचतंत्रांत एका गोष्टींतलें पात्र दुसरी गोष्ट सांगूं लागतें, तसेंच हें. आंतल्या फंक्शनाला एखादें नांव भेटलें आणि त्या नांवाचें फडताळ स्वतःच्या खोलींत नसलें, तर तें बाहेरच्या खोलींत पाहतें. तेथें नसलें तर त्याच्याहि बाहेर. असें करीत शेवटीं सगळ्या गांवाच्या सामाईक फडताळांपर्यंत जातें. आधीं घर, मग गल्ली, मग पेठ, मग शहर. जेथें प्रथम सांपडेल तेथें शोध थांबतो. घरांत 'बाबा' अशी हांक मारली तर आपलेच वडील ओ देतात, गल्लींतल्या साऱ्या घरांतले नव्हेत, हाहि तोच न्याय. उलट दिशेनें मात्र वाट नाहीं. घराला गल्ली दिसते; गल्लीला घरांतले डबे दिसत नाहींत.

येथवर मुलांना कांहीं अडचण पडत नाहीं. पंचाईत होते ती आंतलें फंक्शन घर सोडून बाहेर पडतें तेव्हां.

कारण आजच्या बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत फंक्शन ही इतर वस्तूंसारखीच एक वस्तु आहे. तें दुसऱ्याच्या हातीं देतां येतें, साठवून ठेवतां येतें, एका फंक्शनानें आपलें फळ म्हणून दुसरें फंक्शनच परत करावें हेंहि चालतें. समजा, राजारामपुरींतल्या गृहिणीनें एक चिठी लिहिली: "येतांना तिसऱ्या गल्लींतल्या गिरणींतून माझें दळण आणावें." मुलगा ती घेऊन शाहूपुरींत राहणाऱ्या मामाकडे गेला. मामानें चिठी तेथें उघडली. तिसरी गल्ली कोणती समजावयाची? चिठी जेथें वाचली तेथली, कीं जेथें लिहिली तेथली? कोणताहि शहाणा मामा म्हणेल कीं जेथें लिहिली तेथली. ताईचें दळण शाहूपुरींत कशाला असेल? परंतु हें शहाणपण यंत्रांना शिकविण्यास जगांतल्या मोठमोठ्या डोक्यांना बरींच वर्षें लागलीं.

अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशिक्षणाच्या विख्यात संस्थेंत जॉन मॅकार्थी यांनीं १९५८ च्या सुमारास 'लिस्प' नांवाची भाषा रचण्यास आरंभ केला. फंक्शनाला फंक्शन देण्याची सोय तिच्यांत प्रथमपासून होती, आणि तिच्या पहिल्या अवतारांत नांवांचा अर्थ चिठी वाचण्याच्या जागेवरून लागत असे. मॅकार्थी यांचे एक सहकारी जेम्स स्लॅगल यांना आपल्या प्रोग्रामांत विचित्र उत्तरें येऊं लागलीं. चिठी राजारामपुरीची, आणि यंत्र दळण शोधीत होतें शाहूपुरींत. मॅकार्थी यांनीं पुढें लिस्पचा इतिहास लिहितांना मोकळेपणानें कबूल केलें आहे कीं, ही एक किरकोळ चूक असून स्टीव्ह रसेल ती लौकरच दुरुस्त करतील असें आपणांस त्या वेळीं वाटलें होतें. रसेल यांनीं तोडगा काढला खरा, पण प्रश्न किरकोळ नव्हता. त्यावर पुढें निबंधांमागून निबंध लिहिले गेले. मोठ्या माणसांचे असे कबुलीजबाब वाचले कीं मला शिकविण्यास हुरूप येतो.

नवल असें कीं, या प्रश्नाचें उत्तर संगणक जन्मण्यापूर्वींच कागदावर तयार होतें. अलोन्झो चर्च या तर्कशास्त्रज्ञानें १९३० नंतरच्या दशकांत 'लॅम्डा' नांवाचें जें कलन मांडलें, त्यांत नांवाचा अर्थ लिहिण्याच्या जागेवरूनच लागतो. मग १९६४ सालीं पीटर लँडिन या इंग्रज विद्वानानें आपल्या निबंधांत या वस्तूला 'क्लोजर' हें नांव दिलें. नांवाची फोड समजण्यासारखी आहे. चिठींत 'माझें दळण' आणि 'तिसरी गल्ली' हे शब्द मोकळे, उघडे आहेत. चिठी स्वतः त्यांचा अर्थ सांगत नाहीं. त्या चिठीबरोबर ती जेथें लिहिली त्या घराचा पत्ताहि एकाच लखोट्यांत घालून लखोटा बंद केला, कीं आंतलें कोणतेंहि नांव उघडें राहत नाहीं. बंद केलेला म्हणून 'क्लोजर'. कृति आणि तिचें जन्मस्थान यांची जोडी, यापलीकडे त्या शब्दांत कांहींहि गूढ नाहीं. १९७५ सालीं मॅकार्थींच्याच जुन्या संस्थेंत सस्मन आणि स्टील या दोघांनीं 'स्कीम' ही लिस्पची नवी बोली सिद्ध केली. तिनें लिहिण्याच्या जागेचा न्याय पहिल्यापासून स्वीकारला, आणि पुढच्या बहुतेक भाषा त्याच वाटेनें गेल्या.

एवढें सांगून झालें कीं वर्गांतली एखादी मुलगी हात वर करते. दोन वर्षांमागें अशाच एकीनें विचारलेला प्रश्न मला फार आवडला. ती म्हणाली, "सर, बाहेरचं फंक्शन तर संपलं. घरच पाडलं. मग आंतलं फंक्शन नंतर कुणाच्या फडताळांत बघतंय?"

हा प्रश्न ज्याला पडला त्याला निम्मा विषय समजला असें मी मानतों. फंक्शन चालू होतें तेव्हां त्याच्या फडताळांना लागणारी जागा यंत्र सहसा ताटांच्या चळतीप्रमाणें देतें. एक फंक्शन दुसऱ्याला बोलावतें, कीं वर एक ताट चढलें. तें संपलें, कीं वरचें ताट उचललें. शेवटीं ठेवलेलें प्रथम उचलावयाचें, इतका साधा हिशेब. १९६० च्या 'अल्गोल' भाषेंत एकांत एक कृति लिहितां येत होत्या, आणि त्यांच्या नांवांचा अर्थहि लिहिण्याच्या जागेवरूनच लागे. पण तेथें कृतीनें फळ म्हणून दुसरी कृति परत करण्याची सोय नव्हती. आंतली कृति बाहेरची संपण्याच्या आधींच संपणार, म्हणून चळतीवर भागत असे. क्लोजर बाहेर पडूं लागलें तेव्हां मात्र चळत पुरेना. ज्या ताटांतलें अन्न कोणी पुढें मागणार आहे, तें ताट पंगत उठली म्हणून विसळावयाचें कसें?

तेव्हां अशीं फडताळें चळतींत न ठेवतां वेगळ्या कोठारांत ठेवावीं लागतात. बाहेरचें फंक्शन संपलें तरी, जोंवर कोणा क्लोजरापाशीं त्या फडताळाची किल्ली आहे, तोंवर कोठाराचा झाडूवाला त्याला हात लावीत नाहीं. शेवटची किल्ली नाहींशी झाली म्हणजे मग तो जागा मोकळी करतो. घर पाडलें, पण एक फडताळ राखलें, असें मीं त्या मुलीला सांगितलें. तिनें वहींत चित्र काढलें: पडकी भिंत आणि तिच्यांत एक फडताळ. माझ्या स्पष्टीकरणापेक्षां तें चांगलें होतें.

राखलेल्या फडताळाचा उपयोग काय, हेंहि पाहूं. दवाखान्यांत नंबर देण्याचें काम घ्या. 'नंबरवाला तयार कर' असें एक बाहेरचें फंक्शन आहे. तें 'आंकडा' नांवाचें फडताळ करतें, त्यांत शून्य ठेवतें, आणि आंतलें एक फंक्शन आपणांस परत देऊन संपतें. त्या आंतल्याचें काम एवढेंच: आंकड्यांत एक मिळवावा आणि तो सांगावा. त्याला पहिल्यानें बोलावलें कीं तें एक म्हणतें, मग दोन, मग तीन. त्याला स्वतःचें फडताळ नाहीं, तरी आधीं काय झालें याची त्याला आठवण आहे. दुसऱ्या दवाखान्यासाठीं बाहेरचें फंक्शन पुन्हां बोलावलें, तर नवें फडताळ, नवा आंकडा, पुन्हां एकपासून. एका दवाखान्याची गर्दी दुसऱ्याचा आंकडा वाढवीत नाहीं; आणि कोणी ओळखीचा माणूस मध्येंच येऊन आंकडा पुढेंमागें करूं म्हणेल, तर त्याला तें फडताळ दिसतच नाहीं. किल्ली एकट्या नंबरवाल्यापाशीं. आपल्याकडील रांगांचा अनुभव पाहतां हा गुण लहान नव्हे.

आतां माझी फजिति सांगतों.

एका दुकानदाराच्या उधारीच्या वहीसाठीं मीं एक छोटासा प्रोग्राम लिहून दिला होता. चाळीसेक गिऱ्हाइकें. महिनाअखेर प्रत्येकाच्या मोबाईलवर बाकीचा संदेश जावा, आणि तो दिवसां न जातां रात्रीं नऊ वाजतां जावा, अशी त्यांची इच्छा. मीं काय केलें, यादी वरपासून खालपर्यंत वाचीत गेलों. प्रत्येक नांवापाशीं एक चिठी लिहिली कीं "रात्रीं नऊ वाजतां या क्रमांकावर 'बाकी' मधली रक्कम कळवावी", आणि ती बाजूला ठेवली. क्रमांक मीं चिठींतच लिहून टाकला होता. रक्कम मात्र लिहिली नाहीं, 'बाकी' या नांवाच्या फडताळाची किल्ली तेवढी अडकवली. फडताळ एकच होतें. प्रत्येक फेरींत मी त्यांतली जुनी रक्कम काढून नवी ठेवीत होतों. रात्रीं नऊला चाळीस चिठ्या एकदम उघडल्या, चाळीस किल्ल्या एकाच दाराला लागल्या, आणि आंत होती यादींतल्या शेवटच्या गिऱ्हाइकाची रक्कम. ती नेमकी सर्वांत मोठी होती.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं दुकानाचें दार उघडण्याच्या आधींच एक निवृत्त शिक्षक पायरीवर उभे होते. त्यांची बाकी मुळीं नव्हतीच. ते दर महिन्याला रोख देणारे. संदेश वाचून त्यांनीं दुकानदाराला फोन केला नाहीं, शंकाहि काढली नाहीं. आपणच कधीं विसरलों असूं, या वयांत होतें, असें समजून ते पैसे मोजून घेऊन आले होते, आणि उशीर झाल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करीत होते. दुकानदारानें मला बोलावून घेतलें. मी पोंचलों तेव्हां गुरुजी बाकावर बसून खिशांतल्या वहींत स्वतःचा जुना हिशेब पुन्हां पुन्हां तपाशीत होते. इतरांनीं भांडण केलें, तें मला सोसलें. यांच्या समोर उभें राहणें अवघड गेलें. यंत्राच्या शब्दावर त्यांनीं स्वतःच्या स्मरणशक्तीवर अविश्वास ठेवला होता, आणि तें यंत्र मीं बोलतें केलें होतें.

या चुकींत मी एकटा नाहीं; ती इतकी सर्रास घडते कीं तिच्याबद्दल भाषांचे कायदे बदलावे लागले. आंतलें फंक्शन बाहेरच्या फडताळांतली वस्तु उचलून नेत नाहीं, किल्ली नेतें, हें विसरलें कीं ती घडतेच. जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ सालची. तिच्या जुन्या पद्धतींत साऱ्या फेऱ्यांना मिळून एकच फडताळ असे. २०१५ सालच्या सुधारणेंत 'लेट' हा नवा शब्द आला, आणि तो वापरल्यास दर फेरीला नवें फडताळ मिळूं लागलें. जावा या भाषेनें २०१४ सालीं अशा आंतल्या फंक्शनांना दार उघडलें, पण अट घातली कीं ज्या नांवाची किंमत एकदां ठरल्यावर बदलत नाहीं तेंच तीं बरोबर घेऊं शकतील. सावध गृहिणीची रीत. सी-प्लस-प्लसमध्यें २०११ पासून लिहिणाऱ्यानेंच सांगावयाचें असतें, वस्तु नेतों कीं किल्ली नेतों. पायथनची कथा जरा निराळी. १९९१ सालीं ती भाषा बाहेर आली तेव्हां आंतल्या फंक्शनाला आपलें घर आणि शहर एवढेंच दिसे, मधली गल्ली दिसतच नसे. ती दिसण्याची सोय २००१ सालीं झाली. आणि गल्लींतल्या फडताळांत नवी वस्तु ठेवण्याची परवानगी २००८ सालीं, तीहि 'नॉनलोकल' असें स्पष्ट म्हटलें तरच. दर फेरीला नवें फडताळ मात्र पायथन आजहि आपण होऊन देत नाहीं. माझा तो प्रोग्राम पायथनमध्येंच होता, हें चाणाक्ष श्रोत्यांनीं ओळखलेंच असेल.

उपाय सोपा होता, दवाखान्याच्या नंबरवाल्यासारखाच. 'संदेश तयार कर' असें एक बाहेरचें फंक्शन लिहावयाचें, दर फेरीला त्याच्या हातीं त्या गिऱ्हाइकाची रक्कम द्यावयाची, आणि त्यानें ती आपल्या स्वतःच्या फडताळांत ठेवून आंतलें फंक्शन परत द्यावयाचें. चाळीस वेळां बोलावलें, चाळीस फडताळें, चाळीस निरनिराळ्या किल्ल्या. दोन ओळींची भर. तेव्हांपासून वर्गांत मुलांना एकांत एक फंक्शन लिहावयास सांगितलें कीं आधीं विचारतों: यांतलीं कोणतीं नांवें याचीं स्वतःचीं नाहींत? तीं कोणाच्या घरचीं? आणि हें लिहिल्यापासून चालेपर्यंतच्या वेळांत त्या घरीं कांहीं बदलणार आहे का? तिसऱ्या प्रश्नाला मुलें गप्प होतात. होऊं द्यावीं. ती गप्प बसण्याचीच जागा आहे.

दुरुस्त केलेला प्रोग्राम त्याच संध्याकाळीं चालविला, पण आधीं दुकानदाराच्या, माझ्या आणि गुरुजींच्या अशा तीनच क्रमांकांवर. गुरुजींना तसें सांगून ठेवलें होतें. नऊ वाजून एका मिनिटानें त्यांचा फोन आला. बाकी शून्य दाखवते आहे, म्हणाले. पण हें शून्य माझेंच ना, कीं यादींतल्या दुसऱ्या कोणाचें? मीं त्यांना वही घेऊन दुसऱ्या दिवशीं दुकानांत बोलावलें, आणि आम्ही दोघांनीं मिळून चाळीसहि रकमा एकेक करून ताडून पाहिल्या.